दगडाची माती कशी होते आणि मग ती जाते कुठे: कासपासून म्हसवडपर्यंत स्वतः बघायचं कसं

पुस्तकात विदारण शिकवताना पहिलं उदाहरण हमखास बर्फाचं असतं. भेगेत पाणी शिरलं, गोठलं, फुगलं आणि दगड फुटला. चूक नाहीये ते, पण आपल्या सातारा-सांगलीत बर्फ कुठं पडतो, थंडीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या कडेला दव गोठतं आणि त्याचे फोटो पेपरात येतात, संपलं. मग पोरांना वाटतं हे सगळं हिमालयात चालतं, आपल्याकडे नाही. खरं तर उलट आहे, दगडाची माती होताना बघायला आपल्या सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही, कारण एकाच प्रकारचा दगड आहे सगळीकडे, काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि पाऊस मात्र महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. दगड तोच, पाणी बदललं, की काय होतं ते एका दिवसात गाडीवर बघता येतं. ते कसं बघायचं आणि घरी-शेतात कसं तपासायचं तेवढंच लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर सगळं गोंधळतं. दगड फुटणं, कुजणं हे एक काम, ते जागच्या जागी होतं, त्याला विदारण म्हणायचं. फुटलेलं उचलून दुसरीकडे नेणं हे दुसरं काम, ती धूप, नदीच्या बाबतीत खनन-वहन-संचयन म्हणून शिकवतात ते. पहिल्याला शेकडो-हजारो वर्षं लागतात, दुसऱ्याला एक वळीव पुरतो. जिथं जाल तिथं स्वतःला विचारा, समोर जे दिसतंय ते इथंच तयार झालंय की कुठून तरी आलंय? एवढ्या एका प्रश्नावर निम्मी जिऑलॉजी समजते.

सामान फार लागत नाही. एक मोठा खिळा, छोटं भिंग, चुंबक (जुन्या स्पीकरचं चालेल, त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा), एक लिंबू किंवा व्हिनेगरची छोटी बाटली, पाणी, चार-पाच झिप पिशव्या आणि मार्कर. माती उचलली की पिशवीवर लगेच गावाचं नाव टाका, संध्याकाळी सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

सुरुवात कुठून करायची तर खरं म्हणजे विहिरीपासून. नवीन विहीर किंवा शेततळं खणलेलं असेल तिथं काठावरून (सांभाळून, कठडा नसेल तर लांबूनच) आतली भिंत बघा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली अर्धवट कुजलेला दगड, आणि तळाला काळा पाषाण ज्याला ब्लास्टिंगशिवाय पर्याय नाही. विहीर खणणारी माणसं हे थर नावानिशी सांगतात, कुठं मांजऱ्या (मऊ, भोकाळ दगड) लागला, कुठं पाषाण लागला. आता हेच खालून वर वाचा. तळातला पाषाण ताजा, त्याच्यावर हळूहळू कुजत आलेला, त्याच्यावर मुरूम, आणि शेवटी माती. म्हणजे तुमच्या शेतातला मुरूम कुणी आणून टाकलेला नाही, तो खालच्याच दगडाचा पुढचा अवतार आहे, आणि माती त्याच्या पुढचा.

विहीर नसेल तर घाटातला रस्त्यासाठी कापलेला डोंगर पण चालतो. सातारहून यवतेश्वरचा घाट चढा, गाडी वळणावर लावू नका, मोकळी जागा बघून थांबा, आणि पावसाळ्यात कापलेल्या कड्याच्या अगदी खाली उभं राहू नका. इथं बघायची पहिली गोष्ट म्हणजे गोल गोल दगड. कापलेल्या भिंतीत तांबूस-पिवळट मऊ भुग्यात गोलसर धोंडे बसलेले दिसतील आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतील. बरेच जण म्हणतात की इथं पूर्वी नदी होती म्हणून दगड गोल झाले. नाही. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, चौकोनी तुकडे झाले. त्या भेगांतून पाणी मुरलं. चौकोनी तुकड्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन बाजूंनी, आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. साहजिकच कोपरे आधी कुजतात आणि आत उरतो तो गोळा. नदी लागलीच नाही.

त्यातला एक सुटून खाली पडलेला छोटा तुकडा घ्या आणि पाच मिनिटं नीट बघा, घाई करू नका. बाहेरचा पापुद्रा नखाने निघतो. त्याच्या आतला खिळ्याने खरवडता येतो, पिवळसर भुगा पडतो. अजून आत गेलं की खिळा घसरायला लागतो, खिळ्याचाच चंदेरी ओरखडा दगडावर उमटतो. दुसऱ्या दगडाने ठोकून बघा, ताज्या भागाचा आवाज खणखणीत आणि कुजलेल्याचा बद्द. फुटलाच तर आतला गाभा काळा-करडा आणि त्याच्याभोवती तांबूस कड दिसेल. ती कड म्हणजे दगडातल्या लोखंडाला चढलेला गंज, हवा आणि पाणी आतमध्ये कुठपर्यंत पोचलं त्याची सरळ रेघच आहे ती. अजून एक, काही दगडांत पांढरे-हिरवट ठिपके नाहीतर रिकामी भोकं दिसतात. लाव्ह्यातून वायू निघताना बुडबुडे अडकले, नंतर त्यात झिओलाइटसारखी खनिजं भरली. असा भोकाळ दगड पाण्याला लवकर वश होतो, सलग घट्ट पाषाण दाद देत नाही.

आणि हाच फरक डोंगराचा आकार ठरवतो. यवतेश्वरच्या बाजूनं अजिंक्यताऱ्याकडे बघा, किंवा ठोसेघरला जाताना सज्जनगडाकडे. माथा सपाट, त्याखाली उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा छोटा कडा, पुन्हा उतार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, काही थर सलग टणक, काही भोकाळ मऊ, दोन थरांमध्ये कुठंकुठं भाजल्यासारखा लाल मातीचा पट्टा. मऊ थर झिजून उतार होतो, टणक थर खालचा आधार सुटला की ढलपी-ढलपीने कोसळतो म्हणून त्याचा कडा उभाच राहतो. म्हणजे सज्जनगड कुणी वर उचललेला नाही, आजूबाजूचं सगळं पाण्यानं नेलं आणि तो तेवढा उरला. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते, समोरची दरी बघायची आणि डोळ्यांनी ती परत दगडाने भरून बघायची, मग कळतं किती माल गेलाय ते.

वर कासच्या फुलांच्या पठारावर पोचलात की दगडाचा रंगच बदलतो. उंची साधारण १२०० मीटर, पायाखाली लालसर, भोकं भोकं असलेला जांभा. पाचगणीच्या टेबललँडवर पण हाच. जांभा म्हणजे बेसॉल्टच, पण प्रचंड पावसाने धुऊन काढलेला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, जमिनीत मुळांच्या श्वासामुळे अजून थोडं आंबट, आणि ते दगडातला चुना, सोडियम, पोटॅश आणि बरीचशी सिलिका विरघळवून घेऊन जातं. विरघळायला जे तयार होत नाही ते मागे राहतं, लोखंड आणि अॅल्युमिनियम. म्हणून तो लाल. हे काम हजारांत नाही, लाखो वर्षांत झालंय. माती अगदी पातळ, कातळाच्या खळग्यात बोटभर, आणि त्याच बोटभर मातीवर ती सगळी फुलं. २०१२ ला पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कास पण आहे, तर इथं खिळा, हातोडा काही बाहेर काढायचं नाही, माती उचलायची नाही, आखलेल्या वाटेवरूनच बघायचं. एका चपलेनं जी माती घसरते ती परत भरायला किती काळ लागेल याचा हिशोब आताच वर सांगितला. जांभ्याचा तुकडा हातात घेऊन बघायचाच असेल तर महाबळेश्वर-पाचगणीकडे जुन्या घरांच्या भिंती आहेत की, तिथं भोकं, लाल-पिवळे पट्टे सगळं आरामात दिसतं.

वाटेत झाडं बघत जा. पिंपळ, उंबर, वड यांची मुळं बांधकामाच्या सांध्यात शिरून दगड सरकवतात हे कुठल्याही किल्ल्याच्या तटाला दिसतं. दगडावर करड्या-हिरव्या चकत्या दिसतात, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेलं ते प्रकरण, मसाल्यातलं दगडफूल त्याच कुळातलं. त्या चकत्या आम्ल सोडतात आणि दगडाचा वरचा पापुद्रा सैल करतात. भिंगातून कडेला बघा, चकतीखालचा दगड बाकीच्यापेक्षा फिका आणि खरबरीत असतो.

खाली उतरून संगम माहुलीला या, कृष्णा-वेण्णा मिळतात तिथं. आता दुसरं काम, वाहून नेण्याचं. घाटातला एक दगड आणि नदीकाठचा एक दगड शेजारी ठेवा. घाटातल्याला धारदार कोपरे, नदीतला गुळगुळीत, कारण तो आपटत, घासत आलाय. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकतं त्या धोंड्याचं वजन ६४ पट होतं, असा जुना ठोकताळा आहे, म्हणून उन्हाळ्यात जी नदी गोटासुद्धा हलवत नाही तीच पुरात धोंडे गडगडवत नेते. नदीच्या कातळात भोवऱ्यात अडकलेले गोटे गरागरा फिरून खळगे पाडतात, निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे बघायला लोक लांबून जातात, पण लहान-लहान खळगे आपल्याकडच्या ओढ्यांत पण बघायला मिळतात, तळात तो गोटा बसलेला असतो कधीकधी.

काठाच्या वाळूत चुंबक फिरवा. काळे कण भराभर चिकटतात. ते मॅग्नेटाइट, बेसॉल्टमधलंच, पण जड आणि न कुजणारं म्हणून वाळूत वेगळं साठलेलं. बाकीचा दगड कुजून चिखल होऊन पुढं सांगलीकडे गेला आणि हे कण मागे राहिले. पोरांना सोबत नेलं असेल तर बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, हे दाखवाच.

माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ अठराव्या शतकातलं आहे. ज्या दगडाचं वय माहीत आहे तो फार कामाचा, कारण घडवला तेव्हा त्याच्या कडा धारदार होत्या हे आपल्याला नक्की ठाऊक असतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या, जिथं पाणी चढतं-उतरतं, आणि वरच्या कोरड्या भिंती, दोन्हीकडच्या कडांवरून बोट फिरवून फरक बघा. मग लक्षात येतं की घट्ट पाषाण अडीच-तीनशे वर्षांत किती कमी झिजतो, आणि आपण वर्षाला किती माती घालवतो.

तिथून कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडी-म्हसवड. पुसेगावच्या पुढं हवा कोरडी व्हायला लागते आणि जमीन उघडी. इथं पाऊस कमी म्हणून विरघळलेला चुना धुऊन निघत नाही, जमिनीतच साठतो. बांधावर पांढरे खडबडीत खडे दिसतील, चुनखडी. त्यावर लिंबू पिळा, फसफसतं. तेच कासच्या बाजूच्या लाल मातीवर करा, ढिम्म. तोच दगड, एका टोकाला चुना सगळा गेला आणि दुसऱ्या टोकाला जमला. माळावर उन्हात पडलेल्या धोंड्यांना हात लावून बघा, एप्रिल-मेमध्ये चटका बसतो, आणि तशात वळवाचा पाऊस येतो. नुसत्या कोरड्या तापण्या-निवण्याने दगड फारसा फुटत नाही, भेगेत ओल लागते, ओलं-सुकं ओलं-सुकं होत राहिलं की पापुद्रे सुटतात.

इथंच बघायची एक बारीक गोष्ट सांगतो जी उभ्यानं कधीच दिसत नाही. वळीव होऊन गेल्यावर उघड्या रानात खाली बसा, अगदी नाक जमिनीजवळ नेऊन. छोटे खडे मातीच्या बोटभर उंचीच्या खांबांवर बसलेले दिसतील. खडा वर चढलेला नाही, आजूबाजूची माती खाली गेलीय, खड्याखालची तेवढी वाचली. मोठा थेंब सेकंदाला जवळजवळ ९ मीटर वेगाने आदळतो, मातीचे कण उडवतो, आणि उतारावर उडालेले कण वरच्यापेक्षा खालच्या बाजूला जास्त पडतात. ओघळ पडायच्या आधी धूप सुरू होते ती इथून. त्या खांबाची उंची म्हणजे त्या पावसात किंवा त्या पावसाळ्यात गेलेली माती. पट्टीने मोजा.

मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही म्हणून हिशोब करून ठेवा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यावरून फक्त १ मिलिमीटर माती गेली तर चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वजनात पाच टनांच्या घरात. गाळ टाकायला ब्रासचा काय दर द्यावा लागतो ते सगळ्यांना माहितीय.

आता घरी करायचं. गोळा केलेल्या प्रत्येक मातीचा पेलाभर बारीक करून सारख्या आकाराच्या काचेच्या बरण्यांत घाला, पाणी भरा, चिमूटभर भांडी घासायची पावडर टाकून खूप हलवा आणि न हलवता ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयट्याला दोन-तीन तास, चिकणमातीला दिवसभर आणि कधी त्याहून जास्त. थर पट्टीने मोजा, काळ्या रानात चिकणमातीचा थर जाड येतो, मुरमाड रानात खालचाच थर जाड आणि वरचं पाणी लवकर नितळ. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच.

सांगलीकडच्या, वाळवा-पलूस-मिरज भागातल्या ऊसवाल्यांनी एक टेस्ट आवर्जून करावी. शेतातलं सुकं ढेकूळ हरभऱ्याएवढं घ्या, बशीत पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घेऊन त्यात अलगद सोडा, बोअरचं पाणी नको कारण त्यातले क्षार खरं चित्र झाकतात. काही तासांनी बघा. ढेकूळ नुसतं विस्कटलं तर ठीक. पण त्याच्याभोवती गढूळ ढग पसरला आणि बसायचं नावच घेत नसेल तर माती चोपण व्हायला लागलीय, सोडियम वाढलाय, म्हणजे मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत. दगड कुजताना जे क्षार सुटतात ते पाण्याबरोबर पुढं निघून जायला पाहिजेत, आपण भरमसाट पाणी देतो आणि निचरा नसतो, मग पाणी वर चढून उडून जातं आणि क्षार तिथंच. माती परीक्षण करून घ्या आणि निचऱ्याचं बघा, नुसतं जिप्सम टाकून निचऱ्याशिवाय उपयोग होत नाही.

धूप दाखवायची असेल तर दोन लिटरच्या दोन बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापा, दोन्हीत सारखी माती भरा, एकीवर उसाचं पाचट पसरा, दुसरी उघडी. तोंडाकडे थोडा उतार द्या आणि झारीने सारखंच पाणी घाला. उघड्या बाटलीतून चहाच्या रंगाचं पाणी भरभर येतं, पाचटाच्या बाटलीतून उशिरा, कमी आणि बरंच स्वच्छ. हे बघितल्यावर पाचट पेटवायला हात धजावत नाही, निदान धजावू नये असं मला मनापासून वाटतं.

शेतात करायचं ते उतार ओळखून. समपातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, दोन काठ्यांना बांधायची, दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला आलं की दोन्ही जागा एका पातळीत. त्या रेषेवर सलग समतल चर किंवा बांध, आणि नांगरट-पेरणी उताराला आडवी. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ च्या वॉटर कपमध्ये पहिला नंबर काढला तो असल्याच कामांवर, श्रमदानाने. काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यायचं, आधी खाली बंधारा बांधला तर वरची माती येऊन तो पहिल्या दोन पावसाळ्यांत भरतो.

डोंगराच्या पायथ्याशी घर असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथं माती कणाकणाने जात नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. तीव्र उतार, त्यावर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा जाड थर, खाली घट्ट कातळ, आणि सतत मुसळधार पाऊस. पाणी थरात मुरतं, कातळावर अडतं, मातीचं वजन वाढतं आणि पकड सुटते. पावसाळ्याआधी घराच्या वरच्या बाजूला चक्कर मारून बघा, जमिनीला नवीन भेग, धनुष्याकृती खचलेला भाग, सरळ झाडं किंवा खांब कललेले, भिंतीला नवे तडे. पावसात बघायचं म्हणजे नेहमीचा झरा अचानक गढूळ येणं, ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं, नको तिथं पाणी फुटणं. यातलं काही दिसलं तर खात्री करत बसू नका, रात्र असली तरी घर सोडा आणि तलाठी-ग्रामपंचायतीला कळवा.

शेतातली माती दरवर्षी मोजायची असेल तर मे अखेरीला सहा इंची खिळे घ्या, प्रत्येकात एक वायसर घाला, वायसर जमिनीला टेकेल आणि वर एक इंच राहील असे ठोका, उतारावर वरून खाली आठ-दहा, नांगर लागणार नाही अशा जागी, शेजारी रंगवलेली काठी रोवा म्हणजे गवतात सापडतील. दिवाळीच्या सुमारास जाऊन खिळ्याचं डोकं आणि वायसर यातलं अंतर मोजा. वाढलं असेल तर तेवढी माती गेली, वायसर मातीखाली गाडला गेला असेल तर वरच्याची माती तिथं येऊन बसलीय. वरचे खिळे उघडे आणि खालचे गाडलेले असं निघालं तर पुढचा बांध कुठं घालायचा ते वेगळं विचारायची गरज नाही, त्या दोन खिळ्यांच्या मधोमध.